फोटोत नसलेल्या मावशीचा स्लाइड शो

सगळीकडून गोळा केलेले फोटो एका फोल्डरमध्ये टाकून मोजले, ते २,३१४ निघाले. त्यातल्या ३१ फोटोंत मावशी होती. आणि स्लाइड शो करायचा होता तो मावशीच्याच सत्तराव्या वाढदिवसासाठी.

कारण उघड होतं. गेली चाळीस-पंचेचाळीस वर्षं आमच्या घरातला जवळजवळ प्रत्येक फोटो तीच काढत आली आहे. कॅमेरा दुसऱ्याच्या हातात दिला की तिचा जीव वर-खाली होतो. त्या ३१ मधलेही नऊ ओळखपत्रासाठी काढलेले, दोन्ही कान दाखवून भिंतीकडे पाहणारे. चार फोटोंत ती कोणाच्या तरी खांद्यामागे अर्धी लपलेली. उरले अठरा. अठरा फोटोंत सत्तर वर्षं कशी बसवायची, या विचाराने पहिला आठवडा मी नुसतीच फोल्डर उघडून बंद करत बसले.

मावसभावाला यात काहीच अवघड वाटत नव्हतं. "एका संध्याकाळचं काम आहे. फोटो टाकायचे, गाणं लावायचं, बटण दाबायचं." मला पाच आठवडे लागले. तो चुकीचं सांगत होता असं नाही. तसा स्लाइड शो खरोखरच एका संध्याकाळी होतो. मीही तो केला होता, आणि तो पाहूनच बाकीचे आठवडे लागले.

पण आधी गोळा करण्याचं सांगते, कारण निम्मा वेळ तिथेच गेला.

जुने फोटो तीन अल्बममध्ये होते. त्यातला एक चिकट पानांचा, वर पारदर्शक प्लास्टिक असलेला. या अल्बमांनी जगभर किती फोटो खाल्ले असतील देव जाणे. डिंक इतका धरतो की फोटो ओढला तर कागदाचा थर सुटून येतो. दातांच्या फटी साफ करायचा धागा फोटोखालून करवतीसारखा अलगद फिरवला की बरेचसे सुटतात. जे सुटले नाहीत त्यांच्याशी मी भांडले नाही, पानासकट स्कॅनरवर ठेवले.

स्कॅन करताना पहिली मोठी चूक झाली. चार बाय सहा इंचाचा प्रिंट ३०० डीपीआयवर, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, स्कॅन केला की १८०० बाय १२०० पिक्सेल मिळतात. पडद्यासाठी व्हिडिओ करायचा होता १९२० बाय १०८०चा. म्हणजे पूर्ण फोटो दाखवायला हे पुरतं. म्हणून मी खुशीत दोनशे फोटो स्कॅन करून मोकळी झाले. पुढे जेव्हा एका घोळक्यातल्या एकाच चेहऱ्याजवळ जायची वेळ आली, तेव्हा चेहऱ्याजागी ठिपके. जिथे आत शिरायचं आहे तिथे ६०० डीपीआय लागतं, हे तेव्हा डोक्यात शिरलं. साठेक फोटो पुन्हा काढून पुन्हा स्कॅन केले, आणि तेही काच पुसून, कारण पहिल्या फेरीत एक धुळीचा कण चाळीस फोटोंच्या आकाशात एकाच जागी बसला होता.

रंगांचं म्हणाल तर बरेचसे जुने रंगीत प्रिंट लालसर झाले होते. त्या काळच्या कागदांतला निळसर रंगद्रव्याचा थर बाकीच्यांच्या आधी फिका पडतो, मग उरतो तो तांबूसपणा. संगणकावर तो घालवता येतो. मी दहाबारा फोटोंचा घालवला आणि थांबले. सगळं दुरुस्त केलं की फोटो कालच काढल्यासारखे दिसायला लागतात, आणि मग त्यातली माणसं उगीचच वेषांतर केल्यासारखी वाटतात.

खरी डोकेदुखी होती तारखांची. फोटोच्या फाइलच्या पोटात एक्झिफ नावाची नोंद असते, फोटो कधी काढला, कोणत्या कॅमेऱ्याने वगैरे. तिच्या भरवशावर क्रम लावायला गेले तर वेगळंच रामायण. स्कॅन केलेल्या फोटोंवर तारीख स्कॅन केल्याच्या दिवसाची, म्हणजे मावशीचं अख्खं तारुण्य गेल्या महिन्यातलं. जुन्या डिजिटल कॅमेऱ्याची बॅटरी कधीतरी पूर्ण उतरली होती आणि त्याचं घड्याळ १ जानेवारीवर गेलं होतं, ते कोणी पुन्हा लावलंच नाही. त्यामुळे दोन वेगवेगळ्या सहली एकाच पहाटे घडलेल्या. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोंत तर ही नोंदच नसते, ती वाटेत पुसली जाते आणि फोटोही दाबून लहान केलेला असतो. म्हणून ज्यांच्याकडे मूळ फाइल होती त्यांच्यामागे मी हात धुऊन लागले. "फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा," हे वाक्य मी किती वेळा टाइप केलं त्याला गणती नाही. दोन आयफोनवाल्यांनी मूळ फाइली पाठवल्या त्या एचईआयसी या प्रकारात. २०१७ पासून आयफोन याच प्रकारात फोटो साठवतात आणि माझ्या संगणकाला तो कळत नव्हता. त्या सगळ्या जेपीजी करून घेतल्या.

वाचवलं ते मावशीनेच. प्रत्येक प्रिंटच्या मागे तिने पेन्सिलने महिना आणि वर्ष लिहिलं होतं. पेन नाही, पेन्सिल, कारण शाईचा डाग खालच्या फोटोवर उमटतो. तिला विचारायची सोय नव्हती, सगळं गुपचूप चाललं होतं. तेव्हा ती पेन्सिलची अक्षरं हाच माझा साक्षीदार. प्रत्येक फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग क्रमांक टाकला. नावाप्रमाणे क्रम लावला की काळाप्रमाणे आपोआप लागतो. हे कंटाळवाणं काम मी केलं नसतं तर पुढचं काहीच जमलं नसतं.

मग निवड. २,३१४ वरून चारशेवर यायला दोन दिवस लागले, चारशेवरून १४० वर यायला दहा. एकच नियम पाळला, एकच गोष्ट सांगणारे दोन फोटो ठेवायचे नाहीत. ऐकायला सोपं आहे. पण नातेवाइकांना याचा सुगावा लागला की प्रत्येकजण आपले फोटो मोजतो. एकाने विचारलं, "आमच्या धाकट्याचा एकच आहे का?" मी म्हटलं, "मावशीचे अठराच आहेत." त्यावर तो गप्प बसला.

आता ती एका संध्याकाळची आवृत्ती. पूर्वी मी असलं काही केलं होतं ते विंडोज मूव्ही मेकर या व्हिडिओ जोडायच्या सॉफ्टवेअरवर. मायक्रोसॉफ्टने तो जानेवारी २०१७ मध्ये बंद केला. म्हणून या वेळी तशाच कामाचा शॉटकट घेतला, फुकट आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतो. त्यात निवडलेल्या फोटोंचा स्लाइड शो आपोआप करायची सोय आहे. प्रत्येक फोटो ५ सेकंद, दोन फोटोंच्या मध्ये १ सेकंदाचा डिझॉल्व्ह, म्हणजे एक विरघळत दुसरा उमटणं. हिशेब केला, १४० गुणिले ५, सातशे सेकंद, ११ मिनिटं ४० सेकंद. तेवढ्या लांबीची गाणी कापून एकामागे एक बसवली आणि मोठ्या ऐटीत पाहायला बसले.

फोटो ९ मिनिटं २१ सेकंदांत संपले. पुढची दोन मिनिटं १९ सेकंद काळ्या पडद्यावर एक गायिका एकटीच गात राहिली.

मी आधी सॉफ्टवेअरवर संशय घेतला. मग कागद-पेन्सिल घेतल्यावर उमगलं. डिझॉल्व्हच्या त्या एका सेकंदात दोन फोटो एकमेकांवर असतात, म्हणजे तो सेकंद दोघांच्या खात्यात धरलेला असतो. १४० फोटोंमध्ये १३९ सांधे, म्हणून १३९ सेकंद गायब. शाळेत खांब आणि त्यांच्यामधल्या अंतरांचं गणित असायचं, ते असं सूड घेईल असं वाटलं नव्हतं.

पण लांबी ही त्यातली लहान अडचण होती. तो व्हिडिओ कंटाळवाणा होता. माझ्याच माणसांचे, मीच निवडलेले फोटो, आणि चौथ्या मिनिटाला मी किती राहिलं ते पाहत होते. प्रत्येक फोटो अगदी तेवढाच वेळ, प्रत्येक सांधा तसाच. घड्याळाची टिकटिक जशी थोड्या वेळाने ऐकूच येत नाही, तसं डोळ्यांना फोटो दिसेनासे होतात. त्यावर उपाय म्हणून मी जे केलं ते सांगायला लाज वाटते: फोटो चौकोनी ठोकळ्यासारखे फिरवले, पानांसारखे उलटले, एक तर चांदणीच्या आकारातून बाहेर काढला. ती आवृत्ती पुसून टाकली आहे, कोणी मागू नये.

मग सगळं मोडून हाताने बांधायला घेतलं.

आधी चौकटीचा प्रश्न. रुंदी आणि उंची यांचं प्रमाण पाहिलं तर पडदा १६:९, जुने प्रिंट ३:२, डिजिटल कॅमेऱ्याचे फोटो ४:३ आणि फोनचे निम्मे उभे. ३:२चा आडवा फोटो पडदाभर ताणून बसवायचा तर उंचीतला सुमारे सहावा भाग कापावा लागतो, ४:३चा असेल तर थेट चौथा हिस्सा. घोळक्याच्या फोटोत तेवढ्यात मागच्या रांगेची डोकी जातात. काहीजण मोकळ्या जागेत त्याच फोटोची धूसर, फुगवलेली प्रत भरतात. मला ते कधीच आवडलं नाही. मधला माणूस स्वतःच्याच धुक्यात बुडाल्यासारखा दिसतो. मी सरळ काळी जागा सोडली. मावशीनेही आयुष्यभर अल्बमची पानं मोकळी मोकळीच लावली आहेत.

स्थिर फोटोवर कॅमेरा हळूहळू सरकवायची युक्ती सगळ्या सॉफ्टवेअरमध्ये असते. केन बर्न्स या अमेरिकन माहितीपटकाराच्या नावाने ती ओळखली जाते. पण ती प्रत्येक फोटोवर लावली की पाहणाऱ्याला बोट लागल्यासारखं होतं. मी ती फक्त जिथे डोळ्याला कुठे तरी न्यायचं आहे तिथे ठेवली. उदाहरणार्थ एका फोटोत पंधरा माणसं कॅमेऱ्याकडे पाहून हसताहेत आणि कोपऱ्यात एक मुलगी चप्पल शोधतेय. सहा सेकंदांत त्या मुलीपर्यंत जायचं, बस. (ती मुलगी मी.) वेगाची मर्यादा माझ्या अनुभवाने अशी की सरकणं लक्षात आलं तर ते जास्त झालं.

संगीत निवडताना मी दोनदा तोंडावर आपटले. पहिल्यांदा मावशीची आवडती चित्रपटगीतं घेतली. दूर राहणाऱ्या नातेवाइकांना दाखवायला कच्चा व्हिडिओ एका संकेतस्थळावर फक्त दुवा असलेल्यांना दिसेल असा चढवला, तर काही मिनिटांत हक्काची सूचना. गाण्याच्या रचनेचा हक्क वेगळा आणि ध्वनिमुद्रणाचा वेगळा असतो, आणि घरगुती व्हिडिओ आहे म्हणून चढवताना त्यातला एकही हक्क मागे हटत नाही. मग मुक्त परवान्याचं संगीत शोधलं. एक सुरेख बासरी सापडली, तिच्यावर क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना होता, पण त्यात रूपांतर करू नये अशी अट. मला वाटलं, मी कुठे बासरीला हात लावतेय, नुसती फोटोंखाली तर ठेवतेय. परवान्याचा मजकूर वाचला तेव्हा कळलं की हलत्या चित्राशी संगीत जुळवणं हेच त्यांच्या लेखी रूपांतर आहे. बासरी गेली. शेवटी फक्त श्रेय द्यायची अट असलेलं एक वाद्यसंगीत मिळालं. शब्द नसलेलं. आधी ही तडजोड वाटली होती, नंतर तेच पथ्यावर पडलं.

त्या संगीताची लय मिनिटाला ८० मात्रांची होती. आठ मात्रांचं आवर्तन धरलं तर ते बरोबर ६ सेकंदांचं. व्हिडिओ सेकंदाला २५ फ्रेमचा (फ्रेम म्हणजे एकेक स्थिर चित्र), म्हणजे एका आवर्तनाला १५० फ्रेम, कुठे अपूर्णांक नाही. मी अधाशासारखा प्रत्येक फोटो समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, बदलला. पाहिलं तर कवायत. मग सोडवत गेले. काही फोटो दीड आवर्तन थांबू दिले, काही अर्ध्यातच बदलले, आणि समेवर फक्त तेच आणले जिथे काहीतरी नवीन सुरू होतं: नवं घर, नवं माणूस, नवा कॅमेरा. ऐकणाऱ्याला सम कुठे आहे ते आतून माहीत असतं. प्रत्येक वेळी तिच्यावर बोट ठेवायची गरज नसते.

इथपर्यंत मी व्हिडिओच्या तुकड्यांकडे दुर्लक्ष केलं होतं. ते २३ होते आणि तऱ्हेतऱ्हेचे. जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्याच्या मिनी डीव्ही टेपवरून कधीतरी संगणकावर उतरवलेले ७२० बाय ५७६चे, त्यात कोणी हात हलवला की हाताला कंगव्याचे दात फुटायचे. त्या काळच्या व्हिडिओत प्रत्येक फ्रेम दोन अर्ध्या चित्रांची बनते, एकाआड एक ओळी आधी आणि उरलेल्या ओळी एक पन्नासांश सेकंदाने नंतर, आणि तेवढ्यात हात पुढे गेलेला असतो. डीइंटरलेस केलं, म्हणजे त्या अर्ध्या चित्रांची पूर्ण चित्रं करून घेतली, की दात जातात. फोनवरच्या तुकड्यांत दुसरी गंमत. फोन उजेड पाहून फ्रेमचा वेग कमी-जास्त करतो. असा तुकडा जसाच्या तसा वापरला की हळूहळू ओठ आणि आवाज यांची फारकत होते. शॉटकट याची आधीच सूचना देतो आणि तुकडा ठरावीक वेगाचा करून देऊ का असं विचारतो. पहिल्या दोन वेळा मी ती खिडकी न वाचताच बंद केली होती.

हे सगळं करताना आवाज मी सरसकट बंद ठेवला होता. खाली संगीत आहेच, मग गोंगाट कशाला? एका रात्री एका तुकड्याचा आवाज बंद करायचा राहिला. मुलं ओळीत उभी आहेत, वारा सुटलाय, आणि अगदी जवळून, कानाशी बोलल्यासारखा आवाज:

"हलू नका रे. तू डोळे मिटलेस. परत."

मावशी. पडद्यावर कुठेच नाही आणि तरी सगळ्यांत जवळ. माइक कॅमेऱ्यावरच असतो, म्हणून समोरच्या मुलांचे आवाज लांबून आणि हिचा मात्र खणखणीत. मी तेवीसही तुकडे पुन्हा ऐकले, हेडफोन लावून. अकरांत ती होती. "जरा डावीकडे, अजून, बास." "आजीला पुढे घ्या." "हे चालू आहे का? लाल दिवा दिसतोय, म्हणजे चालू आहे." एका तुकड्यात नुसतं हसू, आणि हसताना हललेला कॅमेरा. मी पाच आठवड्यांपैकी तीन तिला फोटोंमध्ये शोधत होते.

एकदा शोधायची रीत बदलली की आणखीही दिसायला लागलं. फोटो काढताना सूर्य पाठीमागे ठेवायचा हा जुन्या कॅमेऱ्यांचा पाठ मावशीने पक्का गिरवला होता. सूर्य पाठीशी असला आणि कलला असला की काढणाऱ्याची सावली पुढे पडते. मी २,३१४ फोटो पुन्हा चाळले, या वेळी फक्त खालची कड बघत. चौदा फोटोंत तिची सावली होती. कुठे दोन्ही कोपरं बाहेर आलेली, कॅमेरा डोळ्याला लावलेला, कुठे पदर उडालेला, कुठे नुसतं डोकं. पहिली सावली १९८१ची, शेवटची २०१६ची. शेवटच्या सावलीत फोन हातभर लांब धरलेला.

तो चौदा सावल्यांचा भाग मी मधोमध ठेवला, प्रत्येकीला एक आवर्तन, ८४ सेकंद. आणि त्यावर व्हिडिओतून काढलेले तिचे आवाज. चित्र एका वर्षाचं, आवाज दुसऱ्या वर्षाचा, हे कोणाला खटकेल असं वाटलं होतं. कोणालाच खटकलं नाही.

हे बसवताना संगीताला कसं वागवायचं ते मला पहिल्यांदा कळलं. तोपर्यंत ते पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत एकाच आवाजात वाजत होतं, लग्नघरातल्या आगंतुकासारखं. मावशी बोलायच्या आधी साधारण एक सेकंद ते खाली उतरवायला सुरुवात करायची, ती बोलत असताना १५ ते १८ डेसिबल खाली ठेवायचं, आणि ती थांबल्यावर लगेच वर न आणता एक श्वास जाऊ द्यायचा. किती खाली हे कानाने ठरवायचं, पण कान कुठे लावायचा हेही महत्त्वाचं निघालं. हेडफोनवर तिचा शब्द न् शब्द स्पष्ट होता. तोच व्हिडिओ टीव्हीच्या बारक्या स्पीकरवर लावला तर संगीताने ती गिळून टाकलेली. मग टीव्हीवर ऐकून पुन्हा सगळं खाली घेतलं. वाऱ्याची घरघर १०० हर्ट्झच्या खालचा आवाज कापणाऱ्या फिल्टरने बरीच गेली. पूर्ण गेली नाही. राहू दे म्हटलं, वारा होताच तेव्हा. आणि "परत" या शब्दानंतर दोन सेकंद संगीत मी पूर्ण थांबवलं. शब्द असलेलं गाणं असतं तर हे करताच आलं नसतं. गाणारीला मध्येच गप्प करता येत नाही.

या नव्या भागासाठी जागा करताना बाकीचे फोटो १४० वरून ९६ वर आले. एकदा काय ठेवायचं ते कळलं की काढणं जड गेलं नाही.

अक्षरांचं थोडक्यात. पहिल्यांदा ज्या सॉफ्टवेअरमध्ये शीर्षक करून पाहिलं त्यात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी न येता नंतर जाऊन बसत होती आणि जोडाक्षरं पाय मोडून पडत होती, 'सत्तरी'तला अर्धा त वेगळा. शॉटकटमध्ये युनिकोड फॉन्ट घेतल्यावर नीट उमटलं. पण प्रत्येक ठिकाणी एकदा मोठं करून तपासावं, लहान आकारात डोळा आपोआप दुरुस्त वाचतो. आणि अक्षरं कडेला चिकटवू नयेत. आमच्या टीव्हीने चारी बाजूंचा पट्टा खाल्ला आणि पहिल्या चाचणीत वर्षाचा शेवटचा आकडाच गेला.

वाढदिवसाला चार दिवस राहिले असताना मी शहाणपणा केला. डेस्कटॉपवरचा पसारा आवरावा म्हणून सगळे फोटो एका नीटनेटक्या नव्या फोल्डरमध्ये हलवले. दुसऱ्या दिवशी प्रोजेक्ट उघडला तर फाइल सापडत नाही, फाइल सापडत नाही, अशी हातभर यादी. प्रोजेक्टच्या फाइलमध्ये फोटो नसतातच. असतो तो फक्त पत्ता, की अमुक फोटो तमुक फोल्डरमध्ये आहे. घर हलवून पत्ता कळवला नाही तर दुसरं काय होणार? फोटो मुकाट्याने जुन्या जागी नेऊन ठेवले आणि सगळं परत आलं. तेव्हापासून फोटो, व्हिडिओ, संगीत आणि प्रोजेक्ट एकाच फोल्डरमध्ये, आणि त्या अख्ख्या फोल्डरची प्रत बाहेरच्या डिस्कवर.

शेवटी एक्स्पोर्ट, म्हणजे सगळ्याची मिळून एक व्हिडिओ फाइल काढणं. पहिली फाइल मी व्हिडिओ दाबायच्या नव्या एच.265 पद्धतीने काढली, आकार लहान होतो म्हणून. जुन्या टीव्हीला पेनड्राइव्हवर ती दिसलीच नाही. एच.264 मध्ये एमपी फोर काढली, सेकंदाला ८ मेगाबिट धरून. म्हणजे सेकंदाला एक मेगाबाइट, साडेनऊ मिनिटांचे ५७० मेगाबाइट. टीव्हीने लगेच ओळखली. फाइलचं नाव होतं 'अंतिम ७'.

वाढदिवसाच्या दिवशी दिवे मालवले आणि लावला. मी पडद्याकडे पाहिलं नाही, ते मला फ्रेम न् फ्रेम पाठ होतं, मी मावशीकडे पाहत होते. तिचा पहिला आवाज आला तेव्हा तिने मागे वळून पाहिलं, कोण बोललं म्हणून. सावल्या सुरू झाल्यावर ती पुढे सरकून बसली. मुलं, नातवंडं हसत होती, "ही बघ मावशी, ही बघ," असं ओरडत होती. ती काहीच बोलली नाही. संपल्यावर दिवे लागले, सगळे तिच्याभोवती जमले, आणि तिने मला हाक मारली.

"तो समुद्राचा फोटो आहे ना, सावल्यांतला पाचवा. त्यात क्षितिज तिरकं आहे."

"मावशी, तो तूच काढलायस."

"म्हणून तर सांगतेय. पोरं पाण्याकडे पळत होती, मला कॅमेरा सरळ धरायला वेळ नव्हता. तुला होता ना?"

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रोजेक्ट पुन्हा उघडला. तिरकेपणा जेमतेम दोन अंशांचा. फोटो तेवढा फिरवला की त्याच्या कडाच तिरक्या होतात, त्या लपवायला तो पाचेक टक्के मोठा करावा लागतो, आणि मोठा केला की चारी बाजूंनी थोडा थोडा कापला जातो. त्या फोटोत मावशीची सावली म्हणजे खालच्या कडेला डोक्याचा नखाएवढा गोल. नेमका तोच जात होता.

मी तिला फोन करून विचारलं.

"सावली जाऊ दे गं," ती म्हणाली. "क्षितिज सरळ कर."

मी दोन फाइली काढल्या. तिला सरळ क्षितिजाची पाठवली.